नॅनो कण नदीत विरघळून संपतात का?

'सनस्क्रीन आणि रंगांतले नॅनो कण इतके बारीक, की नदीत पडले की साखरेसारखे विरघळून जातात,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यामुळे तो पटतोही.

पण बारीक असणं वेगळं, विरघळणं वेगळं. हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे. आपल्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास. हे कण ज्या पदार्थांचे असतात, त्यांपैकी टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. झिंक ऑक्साइड मात्र थोडंफार विरघळतं, आम्लधर्मी पाण्यात जास्त, आणि सुटलेलं झिंक प्रमाणाबाहेर गेलं तर शेवाळाला, जलचरांना बाधतं. न विरघळलेल्या कणांचं काय होणार, ते पाणी ठरवतं. कॅल्शियम असलेल्या जड पाण्यात ते एकमेकांना चिकटून गाळात बसतात. कुजलेल्या पाल्यातल्या सेंद्रिय द्रव्याचा लेप चढला, तर तरंगत लांब जातात. पुण्यात मुठा नदीत पडलेलं मुळा-मुठेच्या संगमाशी संपत नाही. काही तळाशी राहतं, काही भीमा नदीतून उजनी धरणाच्या वाटेला लागतं.

घरी पाहायचंय? दोन ग्लास पाणी घ्या. एकात साखर विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोन थेंब टाका. अंधारात बाजूने टॉर्च मारा. दुधाच्या पाण्यात प्रकाशाचा पट्टा स्पष्ट दिसेल, कारण तिथे कण आहेत. मग पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवा आणि तासभर थांबा. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतील आणि पाणी नितळ होईल. आता ग्लास जरा हलवा: तळाचा गाळ पुन्हा वर येतो.