टन म्हणजे नेमके काय? जिनिव्हातल्या ऊर्जा विभागाची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय संस्थेत शाश्वत ऊर्जा विभागाचा संचालक म्हटले की कुणालाही वाटेल, हा माणूस सौरप्रकल्पांना पैसे देत असणार, कोळशाच्या खाणी बंद करायला लावत असणार. जिनिव्हाच्या पाले दे नासियाँ या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत बसणाऱ्या संचालकाला यातले काहीही करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा, म्हणजे ईसीईचा, हा विभाग. कर्ज देणे बँकांचे काम आणि हुकूम काढणे सरकारांचे. विभागाकडे मोजकी माणसे, सहा तज्ज्ञगट आणि ५६ सदस्य देशांची एक समिती एवढेच असते. तरीही खनिजसाठे मोजण्याची इथे ठरलेली एक त्रिअंकी पद्धत नागपूरच्या सरकारी कचेरीत रोज वापरली जाते. हुकमाचा अधिकार नसलेल्या विभागाची पोच इतकी लांब कशी गेली, हे समजायला १९४५च्या कोळशापर्यंत मागे जावे लागते.

युद्ध संपले तेव्हा युरोपात कोळसा नव्हता. जर्मनीतल्या रूर भागातल्या खाणी कशाबशा चालत होत्या, रेल्वे मोडलेली होती, खाणीत छताला टेकू द्यायला लाकूडही मिळत नव्हते. मे १९४५ मध्ये लंडनला युरोपीय कोळसा संघटना उभी राहिली. उपलब्ध कोळशातून कुठल्या देशाला किती टन जावा याची शिफारस ती करी. शिफारसच, मानायची की नाही ते सरकारांनी ठरवायचे. तरी सरकारे मानत, कारण न मानणाऱ्याला पुढच्या वाटपाच्या वेळी त्याच टेबलावर बसायचे असे. पोलंडही या टेबलावर होता, आणि पुढे पूर्व आणि पश्चिम युरोपात पोलादी पडदा उभा राहिला तेव्हा ही गोष्ट फार मोलाची ठरली.

ईसीईची स्थापना मार्च १९४७ मधली. गुन्नार मिर्डाल हे तिचे पहिले कार्यकारी सचिव, ज्यांना पुढे १९७४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वर्षाअखेरीस लंडनच्या संघटनेचे काम जिनिव्हाच्या कोळसा समितीकडे आले. आजच्या ऊर्जा विभागाचे मूळ हेच. (ईसीईच्या ज्या भावंडात भारत आहे तो आशियाई आयोगही १९४७चाच. त्याचे पहिले कार्यकारी सचिव पी. एस. लोकनाथन, आणि तिसरे अधिवेशन १९४८ मध्ये उटकमंडला भरले होते.)

१९५० उजाडेपर्यंत टंचाई ओसरली आणि वाटपाचे काम संपले. १९५१ च्या पॅरिस करारानंतर पश्चिम युरोपातल्या सहा देशांनी आपला कोळसा-पोलादाचा वेगळा समुदाय काढला. खरे निर्णय तिकडे गेले. जिनिव्हाच्या समितीने तेव्हाच गाशा गुंडाळायला हवा होता, असे कुणी म्हटले असते तर त्याला उत्तर देणे अवघड होते. पण पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजू ज्या खोलीत बसत होत्या अशी खोली दुसरीकडे नव्हती. तिथे धोरणावर बोलणे अशक्य होते. मोजमापावर बोलता येत होते.

मोजमापाचा प्रश्न साधा नव्हता. प्रत्येक देशाच्या कोळशाला स्वतःची नावे होती. जर्मन ‘फेटकोल’ आणि फ्रेंच ‘ग्रा’ यांत नेमका फरक काय, हे खरेदीदाराला माल भट्टीत गेल्यावर कळे. १९५६ मध्ये समितीने दगडी कोळशाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. प्रत्येक कोळशाला तीन अंक. पहिला अंक वायुरूप होऊन उडून जाणाऱ्या भागाचा; तो ३३ टक्क्यांच्या वर गेला तर मात्र अंक उष्मांकावरून ठरे. दुसरा अंक तापवल्यावर कोळसा किती फुगून चिकटतो याचा. तिसरा त्यातून कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीत लागणारे इंधन, कसा होईल याचा; म्हणजे डायलॅटोमीटर या प्रसरण मोजणाऱ्या उपकरणात कोळशाची कांडी किती प्रसरण पावते त्याचा. ४३४ म्हटले की कळे: उडणारा भाग २० ते २८ टक्के, फुगण्याचा अंक ४ च्या वर, प्रसरण ५० ते १४० टक्के. म्हणजे पोलादाच्या भट्टीसाठी उत्तम माल. भाषा कुठलीही असो, अंक तेच.

ही पद्धत दोन ठिकाणी तोकडी पडली. पहिली अडचण मिश्रणाची. कमी परिपक्व आणि जास्त परिपक्व असे दोन कोळसे मिसळले की उडणाऱ्या भागाची सरासरी अगदी मधल्या चांगल्या कोळशासारखी येते. कागदावर माल एकच दिसतो, भट्टीत मात्र तसा वागत नाही. दुसरी अडचण गोंडवन कोळशाची; भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियाचा कोळसा. आपला वर्धा खोऱ्यातला कोळसाही याच कुळातला. त्यात इनर्टिनाइट नावाचा, तापवले तरी न वितळणारा घटक भरपूर असतो. युरोपी कोळशावर बेतलेल्या तीन अंकांत त्याला जागाच नव्हती.

म्हणून १९८८ मध्ये मध्यम आणि उच्च परिपक्वतेच्या कोळशासाठी चौदा अंकी संहिता आली. पहिले दोन अंक व्हिट्रिनाइट घटकाच्या चकाकीचे, जी सूक्ष्मदर्शकाखाली तेलात मोजतात. तिसरा अंक त्या चकाकीच्या आलेखाच्या आकाराचा. मिश्रण असेल तर आलेखाला दोन उंचवटे येतात आणि लपवाछपवी उघडी पडते. पुढचे दोन अंक घटकांच्या प्रमाणाचे, एक फुगण्याचा, मग उडणारा भाग, राख, गंधक आणि उष्मांक यांना प्रत्येकी दोन. व्यापाऱ्यांना चौदा अंक जडच गेले. पण अडलेली गोष्ट सुटली होती.

पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि विभागाला नवे काम मिळाले. पूर्वेकडच्या खाणींत आता पश्चिमी पैसा येऊ पाहत होता, आणि पैसेवाल्यांचा पहिला प्रश्न होता: साठा किती? सोव्हिएत पद्धतीत साठ्याचे वर्ग ए, बी, सी-१, सी-२ असे; ते सारे भूगर्भाच्या माहितीवर ठरत. माल काढणे परवडते का, हा प्रश्न त्या वर्गांत नव्हताच, कारण किंमत बाजाराने नव्हे तर राज्याने ठरवायची होती. पश्चिमेकडे परवडत नाही तो साठाच नव्हे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आणि एकमेकांशेजारी ठेवले की निरुपयोगी.

१९९२ मध्ये जर्मनीच्या पुढाकाराने या गुंत्यावर काम सुरू झाले. त्यातून निघालेली युक्ती सरळ होती. एकाच शिडीवर सगळे चढवण्याऐवजी तीन वेगळे प्रश्न विचारायचे. आर्थिकदृष्ट्या परवडते का? हा ‘ई’ अक्ष. प्रकल्पाचा अभ्यास कुठवर झाला? हा ‘एफ’. जमिनीखालच्या मालाची खात्री किती? हा ‘जी’. प्रत्येकाला एक अंक, एक म्हणजे सर्वांत भक्कम. हे संयुक्त राष्ट्र चौकट वर्गीकरण, यूएनएफसी, १९९७ मध्ये कोळसा आणि घन खनिजांसाठी मान्य झाले. २००४ मध्ये त्यात तेल, वायू, युरेनियम आले आणि इकोसॉकने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने, ते जगभर वापरावे असे सुचवले. २००९ मध्ये ते सुटसुटीत केले गेले.

१९९७च्या मांडणीत १११ म्हणजे काढण्याजोगा सिद्ध साठा. ३३१ म्हणजे माल पूर्ण मोजलेला, पण परवडेल का आणि कसा काढायचा यांचा पत्ता नाही. ३३३ म्हणजे माल असावा असा नुसता अंदाज. सर्वांत नेहमीची चूक इथेच होते: कुणीतरी हे तिन्ही आकडे बेरजेत घालतो आणि बातमी होते की अमुक जिल्ह्यात इतके कोटी टन ‘सापडले’. कोड त्या बेरजेपासून रोखण्यासाठीच असतो, पण मथळ्यात कोड छापत नाहीत. दुसरी चूक थोडी सूक्ष्म. कोड खडकाला नसतो, प्रकल्पाला असतो. खडक तोच राहतो, पण वनपरवाना नाकारला गेला की ‘ई’ घसरतो.

विभागाच्या नावात ‘शाश्वत’ आले आणि वारा, ऊन, भूगर्भातली उष्णता यांची मोजणी अंगावर आली. खरी कसोटी इथे लागली. कोळसा काढला की तेवढा कमी होतो. ऊन कमी होत नाही, मग त्याचा ‘साठा’ किती मोजायचा? अनंत लिहिले तर आकड्याला अर्थ नाही. २०१६ मध्ये नवीकरणीय ऊर्जेसाठी नियम आले तेव्हा उत्तर असे काढले गेले: मोजायचे ते ऊन नव्हे, प्रकल्प आपल्या आयुष्यात किंवा परवान्याच्या मुदतीत जेवढी ऊर्जा विकू शकेल तेवढीच. वाऱ्याच्या अंदाजातले नव्वद टक्के खात्रीचे उत्पादन म्हणजे जी-१. त्यात जी-२ मिळवले की मधला अंदाज. जी-३ मिळवले की आशावादी. वीजखरेदी करार झालेला नसेल तर वारा कितीही जोरदार असो, ‘ई’ला एक मिळत नाही. गुंतवणूकदाराला तेलविहीर आणि पवनचक्की शेजारीशेजारी ठेवून पाहता येऊ लागली. २०१९च्या आवृत्तीत ‘ई’ अक्षाचे नावच पर्यावरणीय-सामाजिक-आर्थिक असे झाले. नाव बदलणे वाटते तितके किरकोळ नाही. गावकऱ्यांच्या विरोधामुळे अडलेल्या खाणीला त्यानंतर वरचा कोड लावायचा तर आधी त्या विरोधाचा हिशेब द्यावा लागतो.

आता हे ठरते कसे, ते पाहू, कारण संचालकाची खरी नोकरी तीच. मसुदा तज्ज्ञगटात तयार होतो. तिथून शाश्वत ऊर्जा समितीकडे, मग आयोगाच्या कार्यकारी समितीकडे, आणि जगव्यापी विषय असला तर इकोसॉककडे. अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो; संचालक त्याच्या शेजारी बसणारा सचिव. निर्णय एकमताने. एका देशाने हात वर केला की वाक्य थांबते, आणि या ५६ मध्ये अमेरिका, रशिया, युक्रेन, तुर्कस्तान, इस्रायल, कझाकस्तान असे सगळे आहेत. आयोगाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच, रशियन. बैठकीचा कागद दहा आठवडे आधी, ८,५०० शब्दांच्या आत दिला तरच तो वेळेवर भाषांतरित होतो. उशीर झाला तर कागद फक्त इंग्रजीत टेबलावर येतो, एखादा प्रतिनिधी म्हणतो, “राजधानीकडून सूचना आलेल्या नाहीत”, आणि विषय वर्षभर पुढे जातो. कुणी विरोध केलेला नसतो, फक्त तारीख चुकलेली असते. अहवाल शेवटच्या दुपारी पडद्यावर ओळीओळीने मंजूर होतो आणि सहा वाजता दुभाषे उठतात. त्यानंतर मतभेद मिटवणे जवळजवळ अशक्य. म्हणून कसलेला सचिव वादाचे परिच्छेद शेवटाला ठेवत नाही.

पैशाचा प्रश्न वेगळाच. नियमित अर्थसंकल्पातून थोडी कायम पदे मिळतात, बाकी काम देणगीवर. देणगीतून साधारण १३ टक्के प्रशासकीय खर्चापोटी वळते होतात आणि उरलेले पैसे देणाऱ्याने सांगितलेल्या कामालाच लागतात. यातला धोका उघड आहे. मिथेनसाठी पैसे आले की विभाग मिथेनवर बोलतो, हायड्रोजनसाठी आले की हायड्रोजनवर. देणगी संपते तेव्हा ज्याला विषय कळू लागलेला असतो त्याचाच करार संपतो.

तरी मिथेनच्या बाबतीत काम टिकले. कोळसा खाणीतल्या वायूचा तज्ज्ञगट २००४ पासूनचा. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होऊ शकतो. खाणीतून ओढलेला वायू याहून बऱ्याच दाट अवस्थेत पाइपातून नेला पाहिजे. २०१० च्या मार्गदर्शिकेने ३० टक्क्यांखालचा वायू वापरू नये असे ठरवले. ओढणारा पंप जोरात चालवला की वायू काढायला पाडलेल्या छिद्रांच्या सांध्यातून हवा आत शिरते आणि वायू पातळ होत थेट स्फोटाच्या पट्ट्यात येतो. म्हणून छिद्राच्या तोंडाची बंदिस्ती पंपापेक्षा महत्त्वाची. हे काही हवामान परिषदेचे बोलणे नव्हे, पण खाणमालक ऐकून घेतो, कारण आधी जीव वाचतो आणि नंतर हवामान.

कधीकधी विभागाचा आकडा हाताबाहेर जातो. वीजनिर्मितीच्या संपूर्ण जीवनचक्राच्या अभ्यासात कोळशाचे उत्सर्जन प्रति युनिट ७५१ ते १,०९५ ग्रॅम, वायूचे ४०३ ते ५१३, अणुऊर्जेचे ५.१ ते ६.४ आणि जलविद्युतचे ६ ते १४७ ग्रॅम असे निघाले. अणुवाद्यांनी आपला आकडा उचलला, धरणविरोधकांनी १४७. त्या १४७ मागे ६६० मेगावॉटचा एकच प्रकल्प होता, ज्यात बांधकामाचे साहित्य हजारो किलोमीटरवरून येते असे धरलेले होते. अहवालाने तो अपवाद असल्याचे लिहिले होते. वादात तळटीप कोण वाचतो?

आणि नागपूर. भारत ईसीईचा सदस्य नाही, तिथे मत देऊ शकत नाही. सल्लागार म्हणून बसू शकतो. पण भारत सरकारच्या २०१५ च्या खनिज पुरावा नियमांनी यूएनएफसीच स्वीकारले आणि नागपूरला मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो राष्ट्रीय खनिज नोंदवही याच अंकांत ठेवतो. खाणपट्ट्याचा लिलाव करायचा तर शोध साधारणपणे जी-२ पर्यंत झालेला हवा; शोध आणि खाण यांच्या एकत्रित परवान्याला आधी जी-३ लागत असे, २०२१ पासून जी-४ चालतो. म्हणजे भूगर्भाबद्दलची सर्वांत कमी खात्री असतानाही बोली लावता येते आणि जोखीम बोली लावणाऱ्याकडे जाते. गंमत अशी की जी चौकट कोळशासाठी जन्मली तिच्या या नियमांतून भारतात कोळसाच वगळलेला आहे. नागपूरच्या वहीत लोह, मँगनीज, बॉक्साइट आहेत; कोळशाची गणती कोलकात्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण वेगळी करते. युरोपीय संघाने २०२४ च्या महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या कायद्यात व्यूहात्मक प्रकल्पांच्या अर्जासाठी यूएनएफसी सक्तीचे केले. लिथियमच्या खाणीचा अर्जदार आज जे तीन अंक भरतो, त्यांवर सही करणारा संचालक जिनिव्हात कुणीच नसतो.