अणुकचऱ्याची गाडी उडवली की हिरोशिमा? नाही हो

जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाचा विषय निघाला की शेजारच्या नाटे गावातल्या टपरीवर एक डायलॉग ठरलेला, अणुकचऱ्याची गाडी कुणी उडवली तर रत्नागिरीचं हिरोशिमा होणार. परवा काका हेच सांगत बसले, बशीतला चहा पार गार, वर साय धरलेली.

तर तसं नाही होत. युरेनियमच्या बॉम्बला साधारण ९० टक्के समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ तेवढं वाढवलेलं युरेनियम लागतं, भट्टीत वापरून झालेल्या इंधनात युरेनियम-२३५ उरतं जेमतेम १ टक्क्याच्या आसपास, आणि तारापूरसारख्या ठिकाणी जहाल कचरा तर वितळलेल्या काचेत मिसळून गोठवतात, तो बॉम्बसारखा फुटणार कसा.

पण 'काहीच धोका नाही' म्हणणारी दुसरी पार्टी लगेच १९८४ चा ब्रिटनमधला व्हिडिओ टाकते, ताशी १६० किमीने रेल्वे इंजिन वापरलेलं अणुइंधन नेण्याच्या पोलादी पिंपावर आदळलं, पिंप शाबूत. खरंय, पण ती टेस्ट अपघाताची, घातपाताची नाही! स्फोटकांची टेस्ट अमेरिकेत सँडिया या सरकारी लॅबने ८० च्या दशकात वेगळी केली, नकली इंधन भरून, आणि तिथे पिंपाला भोक पडलं. बाहेर आलं ते अगदी थोडं, पण श्वासातून आत जाणारी धूळ ती, म्हणून अभ्यास चालू असतात.

काकांना म्हटलं, जैतापूरला अजून अणुभट्टीच नाही, कचरा कुठला? तर म्हणतात, "मग आधी ता भोक बुजवा."