आजीचं पाणी वेगळं, नातवाचं वेगळं

वॉटर पार्कात उंचावर बसवलेली भली मोठी बादली भरत आली की घंटा वाजायला लागते. उथळ हौदात इकडेतिकडे पांगलेली माणसं लगबगीने तिच्याखाली जमतात. चिमुरडी पोरं कडेला, बाबांच्या मांडीला घट्ट धरून. शाळकरी पोरं मधोमध, माना वर, डोळे अर्धे मिटलेले. 'मी नाही हं भिजणार' असं बजावत एखादी आत्याही तिथेच रेंगाळते. बादली जराशी कलते, पुन्हा सावरते. 'आलं, आलं!' असा गिल्ला होतो आणि काहीच येत नाही. कंटाळून कुणीतरी खाली बघतो, आणि नेमकं तेव्हा सगळं पाणी एका दणक्यात डोक्यावर आदळतं.

या बादलीला उलटवायला ना मोटर लागते ना माणूस. तिचा आस मुद्दाम मध्याच्या थोडा खाली बसवलेला असतो. रिकामी असताना बूड जड, त्यामुळे ती सरळ राहते. पाणी चढत जातं तसा एकूण वजनाचा मध्यबिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, वर सरकत जातो. तो आसाच्या वर गेला की पेन्सिल टोकावर उभी करावी तशी गत होते. एवढासा झोकही पुरतो. पाणी सांडलं की बूड पुन्हा जड आणि बादली पुन्हा सरळ. पाऊस मोजणाऱ्या स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन इवल्या वाट्या सीसॉसारख्या आळीपाळीने कलंडत असतात, तिथेही याच्या जवळचीच युक्ती आहे. फरक एवढाच की तिथे खाली उभं राहून कुणी किंचाळत नाही.

मला ही बादली सगळ्या वॉटर पार्कातली सर्वांत शहाणी वस्तू वाटते. पाणी एकच, पण कोण कुठे उभं राहील हे ज्याचं त्याने ठरवायचं. मधोमध उभ्या राहणाऱ्याला दणका, दोन पावलं मागे सरकणाऱ्याला शिडकावा, कडेच्या बाळाला नुसते तुषार. एक तीन वर्षांचं, एक तेरा वर्षांचं, एक चाळिशीतलं आणि एक सत्तरीतलं अशी चार शरीरं एकाच वेळी, एकमेकांच्या नजरेसमोर, आपापल्या मात्रेत मजा घेऊ शकतात. कुटुंब म्हणून वॉटर पार्कात जाऊन सगळे खूश परत येतात, तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं. आधुनिक पद्धतीचं पहिलं वॉटर पार्क म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात जॉर्ज मिले यांनी उघडलेल्या 'वेट अँड वाइल्ड'चं नाव घेतात. तेव्हापासून घसरगुंड्या उंच होत गेल्या, पण पाण्यात उतरणारी शरीरं तीच राहिली.

आजीपासून सुरुवात करू, कारण वॉटर पार्कात तिला पर्सा सांभाळायला बसवण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारा भार सुमारे निम्मा होतो. छातीएवढ्या पाण्यात तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि गळ्यापर्यंत पाणी असेल तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे जमिनीवर साठ किलो पेलणारे दुखरे गुडघे छातीभर पाण्यात वीसेक किलोच पेलत असतात. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा आधार मिळतो हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. आजीला तो पहिल्याच पावलाला कळतो. गोल फिरत राहणारी संथ नदी, जिला लेझी रिव्हर म्हणतात, ती आजीसाठीच केल्यासारखी असते. पाणी कमरेच्या आसपास आणि प्रवाह रमतगमत चालण्याएवढा. ट्यूबमध्ये बसून वाहत गेलं तर उत्तमच, पण प्रवाहाच्या बाजूने पायी चालण्याची मजा निराळीच.

त्यात एक गोम आहे. पाण्याचा दाब पायांवर चहूबाजूंनी पडतो आणि तिथलं रक्त छातीकडे ढकललं जातं. पाणी गार असेल तर कातडीलगतच्या रक्तवाहिन्या आकसून आणखी रक्त आत जातं. हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालं. मूत्रपिंडांना तसा निरोप जातो. म्हणून पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांनाच 'जाऊन यावं' असं वाटू लागतं. आता मोठी माणसं जातात. लहान मुलं खेळ सोडून जातीलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचीही खात्री देता येत नाही.

याचा पुरावा नाकाला मिळतो. तलावाजवळ जो उग्र 'क्लोरीनचा वास' येतो तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही बरंचसं त्यांच्यामुळेच. तेव्हा वास जितका भपकारा तितकं पाणी स्वच्छ, ही समजूत बरोबर उलटी आहे. क्लोरीन किती टाकलं यापेक्षा त्यातलं किती कामाचं उरलं याला महत्त्व असतं, आणि ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणाऱ्या पीएचवर ठरतं. सामू ७.५ असेल तर पाण्यातल्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मं जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं. सामू ८ झाला की ते पाव हिश्श्यावर येतं. योगायोगाने आपल्या अश्रूंचा सामूही ७.४ च्या आसपास असतो. त्यामुळे पाणी ७.२ ते ७.८ च्या पट्ट्यात ठेवलं की जंतूंचा बंदोबस्त होतो आणि डोळ्यांनाही ते परकं वाटत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाला कारणीभूत ठरणारा परजीवी मात्र नीट क्लोरीन टाकलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरू शकतो. पोट बिघडलेल्या मुलाला त्या दिवशी पाण्यात उतरवू नये, हे दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळायचं पथ्य आहे.

आता नातू. ओठ निळे पडलेत, दातावर दात वाजताहेत आणि तरी 'मला थंडी नाही वाजत' हे पालुपद चालू आहे. तो खोटं बोलत नसतो, त्याचं लक्ष नसतं. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट चांगली वाहून नेतं. त्यात लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते. ७० किलोच्या माणसाला किलोमागे साधारण २६० चौरस सेंटिमीटर कातडी असते. चार वर्षांच्या, १६ किलोच्या पोराला ४२० च्या आसपास. म्हणजे उष्णता निसटायला दीडपटीहून मोठं दार, आणि आतला साठा छोटा. ज्या पाण्यात बाबांना नुकतंच बरं वाटायला लागलेलं असतं, त्याच पाण्यात मुलगा गारठलेला असतो.

त्यातही खरी थंडी पाण्याबाहेर आल्यावर वाजते. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. समजा मुलाच्या ओल्या कपड्यांत आणि केसांत पन्नास ग्रॅम पाणी आहे. ते सगळं वाळायला सव्वा लाख ज्यूलच्या आसपास उष्णता लागेल. ती पूर्णपणे त्याच्या अंगातूनच गेली, तर १६ किलोचं शरीर दोन अंशांनी थंड होईल! प्रत्यक्षात यातला मोठा वाटा ऊन आणि हवा उचलतात, म्हणून तशी वेळ येत नाही. पण सावलीत, वाऱ्यात, पुढच्या स्लाइडच्या रांगेत ओल्या पोराला वीस मिनिटं उभं करणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून येतो. पिशवीत वरच्या वर हाताला येईल असा कोरडा टॉवेल हवा, तो यासाठी.

घसरगुंडीवर प्रकार उलटा होतो. दहा मीटर उंचीवरून घर्षणाविना घसरलं तर खाली वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर भरतो, आणि या गणितात वजन कुठेच येत नाही. तरीही भरल्या अंगाचा मामा किडकिडीत भाचीच्या पुढे निघतो. कारण हवेचा आणि पाण्याचा अडथळा अंगाच्या आकारावर ठरतो, तर खाली खेचणारा जोर वजनावर; आणि अंग वाढतं तसं वजन त्याच्या पृष्ठभागापेक्षा भराभर वाढतं. भाचीला जिंकायचं असेल तर तिने पाठीवर सपाट झोपावं, हात छातीवर आणि पाय घोट्यांशी एकमेकांवर घ्यावेत. बसून गेलं की सगळी बैठक पाण्याला अडत जाते.

वळणांवर आणखी गंमत असते. सेकंदाला आठ मीटर वेगाने, चार मीटर त्रिज्येच्या वळणावर शरीर आपोआप भिंतीवर चढतं आणि त्या क्षणी आपलं वजन जवळजवळ दुप्पट भासतं. बंद, काळोख्या नळीत हेच वळण जास्त थरारक वाटतं, कारण एरवी डोळे मेंदूला आधीच सूचना देतात. इथे खबर फक्त कानाच्या आतल्या तोलयंत्राकडून येते, आणि तीही वळण सुरू झाल्यावर.

उंचीची दांडी मात्र कुणालाच आवडत नाही. १२० सेंटिमीटरच्या खुणेखाली टाचा उचलून उभं राहिलेलं, श्वास रोखून धरलेलं पोर मी पाहिलं आहे. गार्डने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवल्यावर ते दोन सेंटिमीटरने खाली आलं आणि त्याचा चेहरा त्याहून बराच जास्त. पण ती दांडी गणिताने उभी असते. घसरगुंडीची वळणं आणि उतार एका ठरावीक वजनाच्या नि लांबीच्या शरीरासाठी आखलेले असतात. ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने उंचवट्यावर आलेली वस्तू पृष्ठभाग सोडून हवेत जाते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २०१४ साली 'फेरुक्ट' नावाची ५१ मीटर उंच घसरगुंडी सुरू झाली. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ वेडा. २०१६ मध्ये तिच्या उंचवट्यावर राफ्ट, म्हणजे बसून घसरायची रबरी होडी, हवेत उडाली आणि दहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. पुढे ती पाडून टाकण्यात आली. उंचीच्या शर्यतीतून कुटुंबांच्या पदरात काय पडतं हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

बादलीइतकाच समजूतदार असतो तो लाटांचा तलाव. ही कल्पना बरीच जुनी. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या गेलेर्ट स्नानगृहात १९२७ मध्येच लाटांचा हौद सुरू झाला. आजच्या अनेक तलावांत खोल टोकाच्या भिंतीआड हवेच्या कोठ्या असतात. पंख्याने त्यांत हवा कोंडली की पाणी खाली दबतं, सोडली की उसळतं. अशी लाट अडीच मीटर खोलीवर सेकंदाला पाचेक मीटर धावते. अर्ध्या मीटर खोलीवर वेग सव्वादोनवर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येऊन चढतं, लाट उंचावते आणि तिची उंची खोलीच्या पाऊण हिश्श्याच्या पुढे गेली की फुटते. मग घोट्याएवढ्या फेसात बाळ, कमरेएवढ्या पाण्यात आई, फुटणाऱ्या लाटेसमोर ताई, अशी सगळी आपोआप उतारावर वाटली जातात.

इथेच सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. बुडणारं माणूस 'वाचवा' म्हणून ओरडतं, हात हलवतं, हे चित्र फसवं आहे. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने प्रत्यक्ष बुडण्याच्या घटनांचं चित्रण करून दाखवलं की बुडणारा बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या क्षणात श्वासच जेमतेम होतो, ओरडणार कशाने? हात हलवायला नव्हे, पाणी खाली दाबायला वापरले जातात. वीस ते साठ सेकंदांत सगळं आटोपतं. म्हणून लाइफगार्ड असला तरी पोहता न येणाऱ्या लहानग्यापासून हाताच्या अंतरावर कुणीतरी हवंच, आणि त्या कुणाच्या तरी हातात फोन नको. बाकावरून हौद नीट दिसतो की मधे कारंजी आणि खोटे खडक येतात, यावर आई-बाबांचा निम्मा दिवस अवलंबून असतो.

रांगेबद्दल थोडक्यात. दर अर्ध्या मिनिटाला एक माणूस सोडणारी स्लाइड तासाला १२० जण खाली धाडते. पुढे साठ डोकी दिसली तर अर्धा तास धरूनच चाला. दर पाऊण मिनिटाला चौघांना घेणारी राफ्ट तासाला ३२० जण नेते. शिवाय तिच्यात सगळे समोरासमोर बसतात, त्यामुळे खाली येताना आजोबांचा चेहरा बघायला मिळतो.

राहिला दिवसाचा शेवट. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी, जास्त वेळ गारठवणारी खेप निवडली. शेवट जरासा सुसह्य होता, एवढंच कारण. आमच्याकडे आता नियम आहे: कपडे बदलण्याच्या खोलीसमोरच्या त्या कोंदट, निसरड्या रांगेत जाण्याआधीची वीस मिनिटं सगळ्यांनी बाळांच्या उथळ, उन्हाने कोमट झालेल्या हौदात बसायचं. सुरकुतलेली बोटं एकमेकांना दाखवायची. वेळ झाली हे सांगण्याचं काम आजीकडे आहे, आणि ती दर वेळी दहा मिनिटं उशिरा सांगते.