घरातले बिल्ले-पदके संग्रहालयाला द्यायचे आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या जुन्या घरांत पत्र्याची ट्रंक उघडली की पत्रिका आणि सातबाऱ्यांच्या खाली हमखास काहीतरी धातूचं निघतं. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक, १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक, भुसावळ स्टेशनावरच्या हमालाचा पितळी बिल्ला, १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचा म्हणून जपलेला बिल्ला, नाहीतर स्वातंत्र्यसैनिक आजोबांना १९७२ मध्ये मिळालेलं ताम्रपत्र. ‘हाऊ आमना आजाना बिल्ला शे’ (हा आमच्या आजोबांचा बिल्ला आहे) एवढंच घरात माहीत असतं. अशी वस्तू संग्रहालयाला द्यायची तर काय लागतं, ते इथे सांगतो. संस्थेगणिक नमुने बदलतात, पण गाभा सगळीकडे हाच असतो.

आधी कोण देऊ शकतं ते पाहू. वस्तू ज्याच्या कपाटात, तोच मालक असं नसतं. पदक आजोबांचं असेल आणि त्यांनी मृत्युपत्रात कुणाच्या नावे केलं नसेल, तर ते सगळ्या वारसांचं. म्हणून सर्व वारसांचं संमतीपत्र लागतं, आणि त्यात लेकीही आल्या. बहुतेक अर्ज इथेच अडतात: भावांच्या सह्या होतात, सुरत-पुण्याला दिलेल्या बहिणींच्या राहून जातात. देणगी स्वीकारल्यावर एखादी आत्या ‘मला कुणी विचारलंच नाही’ म्हणाली तर संग्रहालयाची पंचाईत होते, म्हणून ते आधीच काटेकोर असतात. वस्तू शाळेची, सोसायटीची किंवा ग्रामपंचायतीची असेल तर मुख्याध्यापक वा सरपंचांचं पत्र पुरत नाही. ठराव लागतो, आणि जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) ती वस्तू असेल तर तिथून कमी केल्याची नोंदही लागते.

शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना सापडलेली वस्तू मात्र घरची धरू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण कायदा आहे. ते झाल्याशिवाय संग्रहालयाकडे जाऊ नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू त्यात येऊ शकते, आणि पहिल्या महायुद्धाची बरीच पदकं आता त्या वयाची झाली आहेत. घाबरायचं कारण नाही. देशातल्या संग्रहालयाला वस्तू भेट म्हणून देण्यासाठी परवाना लागत नाही. परवाना लागतो तो पुरावस्तूंचा व्यापार करायला. परदेशातल्या नातेवाइकाला पार्सलने पाठवणं मात्र बेकायदा ठरू शकतं. वस्तूची आधीच पुरावस्तू म्हणून नोंदणी झालेली असेल, तर मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

आता कागदपत्रं. देणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (आधारची प्रत देणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या, तेवढी चालते). ज्यांची वस्तू त्यांच्याशी नातं दाखवणारा एखादा कागद: जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो. आणि माहितीपत्रक.

हे माहितीपत्रक लोक दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. आधारकार्ड नसलं तर उद्या आणता येईल. ‘हे कुणाचं, कशासाठी मिळालं’ हे सांगणारी आजी उद्या असेलच असं नाही. नावगाव नसलेलं युद्धपदक बाजारातही मिळतं, ते घ्यायला संग्रहालय उत्सुक नसतं. तेव्हा आधी पदकाची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर पुढे राजाचं डोकं, मागे घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही सालं असतात; पण खरा मजकूर कडेवर असतो. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पदक सावकाश फिरवलं की बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते. नावाचं स्पेलिंग कितीही विचित्र असलं तरी जसंच्या तसं उतरवा, दुरुस्त करू नका. हमालाच्या किंवा गिरणीच्या बिल्ल्यावर नुसता क्रमांक असेल तर तोही लिहा.

ऐकीव माहितीही लिहा, फक्त ती ऐकीव आहे असं सांगून. आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या घराचं नातं १९४४ ला चिमठाण्याला क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला त्याच्याशी किंवा १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार गोळीबारात शहीद झाला त्या मिरवणुकीशी सांगितलं जातं. काहींचं खरंही असतं. ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार’ असे शब्द घातले की संग्रहालयाचा अधिकारी ते आनंदाने नोंदवून घेतो. पुराव्याशिवाय ठामपणे लिहिलं की सगळ्याच माहितीवर शंका घेतो.

वस्तू नेण्याआधी घासू नका. दसरा-दिवाळीला चिंच-राखेने लख्ख करायची आपली सवय इथे नडते: कडेवरची अक्षरं झिजतात. मळकी रिबनही धुवायची नाही, नवी लावायची नाही. चांदीच्या पदकाला रबरबँड लावला तर काळा डाग धरतो. साध्या सुती कापडात गुंडाळून न्या.

प्रत्यक्ष अर्ज साध्या कागदावर चालतो. आधी फोटोसह पत्र पाठवून विचारा, थेट वस्तू घेऊन दारात उभे राहू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय इतिहासाच्या वस्तूंसाठी, तर गांधीजींशी संबंधित काही असेल तर जळगावचं गांधीतीर्थ, अशी संग्रहाच्या विषयाप्रमाणे निवड करा. वस्तू पाहायला ठेवून घेतली तर तात्पुरती पावती मागाच. त्यावर वर्णन, वजन आणि परतीची तारीख हवी. संस्था वस्तू पाहून घ्यायची की नाही ते ठरवते. तशाच दोन-चार वस्तू संग्रहात आधीच असतील तर नकार येतो, त्यात अपमान मानू नये. होकार आला की दानपत्रावर सह्या होतात. जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष सुपूर्द केल्याने पुरी होते, त्यामुळे दस्त नोंदणीसाठी निबंधकाकडे जावं लागत नाही; तरी दानपत्र हवंच. मग संग्रहालयाच्या दाखल नोंदवहीत वस्तूला क्रमांक पडतो. तो क्रमांक लिहून घ्या, पुढे नातवंडांना वस्तू पाहायची असली तर त्याच क्रमांकाने सापडेल.

‘कायम प्रदर्शनात ठेवा’ अशी अट घालू नका, ती सहसा कुणी मान्य करत नाही. फलकावर ‘अमुक कुटुंबाकडून भेट’ हे मात्र जरूर मागा. मन पूर्ण तयार नसेल तर दान न करता मुदतीच्या करारावर उसनी देता येते. त्यात मुदत, विमा आणि फोटो छापण्याची परवानगी स्पष्ट लिहा. आणि आयकरात सवलत मिळेल म्हणून कुणी सुचवत असेल, तर देणगीवर आयकर सवलत देणाऱ्या कलमाखाली (८०जी) वस्तुरूप देणगीला वजावट नाही.