‘मे’, ‘कॅन’, ‘माइट’ : शक्यतेच्या इंग्रजी क्रियापदांची पार्श्वभूमी

‘इट कॅन रेन टुडे’ हे वाक्य मराठी माध्यमातल्या मुलांच्या वहीत हमखास सापडतं. मराठीत आपण ‘आज पाऊस पडू शकतो’ म्हणतो आणि ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’ हे शाळेत घोकून घेतलेलं असतं. शिक्षक ‘कॅन’ खोडून ‘मे’ लिहितात; का, ते बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. त्याचं उत्तर हजारभर वर्षं मागे गेल्यावर मिळतं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे 1066च्या नॉर्मन स्वारीआधीच्या भाषेत, अंगात बळ असण्याला ‘मागन’ असं क्रियापद होतं. आजचा ‘मे’ त्यातूनच आला. बळ या अर्थाचं ‘माइट’ हे नामही त्याच कुळातलं. ‘कुन्नन’ म्हणजे ठाऊक असणं. आपलं ‘जाणणे’ ज्या ‘ज्ञा’ धातूतून आलं, त्याच्याशी याचं सख्खं नातं आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यातला गिरणीवाला आपल्याला एक झकास गोष्ट येते, हे नुसत्या ‘कॅन’नं सांगतो, पुढे दुसरं क्रियापद लागत नाही. ‘मला एक गाणं येतं’ म्हणावं, तसंच.

पुढे ‘कॅन’चा पसारा वाढला. ज्याला करायचं कसं हे ठाऊक, त्याला ते जमतं. असा अर्थ सरकत क्षमतेवर आला आणि तिथे आधीपासून असलेल्या ‘मे’ला बाजूला व्हावं लागलं. ‘मे’कडे परवानगी आणि शक्यता राहिली, म्हणून आजच्या पावसाचा अंदाज ‘मे’नं सांगायचा. ‘कॅन’ही शक्यता सांगतो, पण वेगळी. ‘महाबळेश्वर कॅन बी कोल्ड’ म्हणजे तिथे कधीकधी थंडी पडते. आज पडली आहे का, याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. नकारात मात्र ‘कॅन’ सरळ अंदाज बांधतो : ‘दॅट कान्ट बी ट्रू’, हे खरं असणं शक्यच नाही.

‘माइट’ आणि ‘कुड’ ही मुळात ‘मे’ आणि ‘कॅन’ यांची भूतकाळाची रूपं. ‘कुड’च्या स्पेलिंगमधला मुका ‘एल’ मूळचा नाही, तो ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या वळणावर नंतर घातला गेला. भूतकाळ वर्तमानापासून लांब असतो. ते अंतर वास्तवापासूनचं मानलं की शक्यता क्षीण होते. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे तो बुडाला असेल, अजून काही कळलेलं नाही. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’चा एक अर्थ असा, की बुडाला असता, पण वाचला. मराठीनं हा फरक ‘असेल’ आणि ‘असता’ यांत चोख सांभाळला आहे. इंग्रजी बातम्यांत हल्ली दुसऱ्या अर्थानंही सर्रास ‘मे हॅव’ लिहितात. माणूस जिवंत आहे की नाही, हेच ज्यावर ठरतं, तिथे ही ढिलाई मला फार खटकते.

या क्रियापदांना ‘ही’, ‘शी’नंतरही ‘एस’ लागत नाही, कारण त्यांची वर्तमानकाळाची रूपं फार जुन्या भूतकाळी रूपांतून आली आहेत आणि भूतकाळी रूपाला ‘एस’ लागत नाही. सोळाव्या शतकाच्या सुमारास ती साध्या क्रियापदांपासून पुरती वेगळी झाली. हा बदल एकदम घडला, असं भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड लाइटफुट यांनी 1979 मध्ये मांडलं. तो हळूहळू झाला, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. प्रमाण इंग्रजीत आता अशी दोन क्रियापदं शेजारी येत नाहीत. स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलींत मात्र ‘आय माइट कुड’, म्हणजे ‘मला कदाचित जमेल’, आजही ऐकू येतं.

विसाव्या शतकात हे चित्र पुन्हा हललं. 1961 आणि 1990च्या दशकाचा आरंभ, अशा दोन काळांतल्या छापील इंग्रजीचे नमुने भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी ताडून पाहिले, तेव्हा ‘मे’चा वापर घटलेला आढळला, ‘कॅन’ जवळपास होता तिथेच होता. आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयएसओनं तर मानकांच्या लेखनापुरती वाटणीच करून टाकली आहे : परवानगी द्यायची तर ‘मे’, शक्यता किंवा क्षमता सांगायची तर ‘कॅन’.