कर्जखात्याचे वय आणि सिबिलचा आकडा

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू गेल्या महिन्यात मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात तिच्या सिबिल अहवालाची छापील प्रत होती. सिबिल म्हणजे कोणी कर्ज कसे फेडले याच्या नोंदी ठेवून त्यावरून पतीचा आकडा देणारी कंपनी. मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि बाणेरला घर घेण्यासाठी तिला गृहकर्ज हवे आहे. "सर, हिचा आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, मग आकडा खाली आला कसा?" असे काकूंनी विचारले. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत आला, आणि तो खरोखर संख्याशास्त्राचाच प्रश्न आहे.

अहवालात प्रत्येक खात्याखाली एक चौकट असते. तीत मागच्या छत्तीस महिन्यांची घरे असतात आणि प्रत्येक घरात त्या महिन्यात रक्कम किती दिवस थकली होती, हे लिहिलेले असते. वेळेवर भरणा झाला असेल तर तिथे तीन शून्ये दिसतात. या मुलीच्या क्रेडिट कार्डाची सगळी घरे शून्यांनीच भरलेली होती. मात्र कार्ड बारा वर्षांचे आणि चौकट तीनच वर्षांची. उरलेल्या नऊ वर्षांचा पत्ता लागतो तो 'खाते उघडल्याची तारीख' या वरच्या ओळीत, जिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

आकडा ठरवताना खात्यांचे वयही पाहिले जाते, आणि घोळ तिथेच होता. तिच्या नावावर बारा वर्षांचे कार्ड म्हणजे १४४ महिने, आणि चार वर्षांपूर्वीचे मोटारीचे कर्ज म्हणजे ४८ महिने, अशी दोन खाती होती. सरासरी ९६ महिने. दिवाळीत तिने लक्ष्मी रस्त्यावरून फ्रिज आणि मोबाईल घेतला, दोन्ही वस्तू बिनव्याजी हप्त्यांवर. दुकानदाराने 'फक्त ईएमआय' म्हटले तरी अशा खरेदीत वित्तसंस्था अनेकदा प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र कर्जखाते उघडते, आणि इथे तसेच झाले होते. एकूण १९२ महिने आता दोन ऐवजी चार खात्यांत विभागले गेले आणि सरासरी ४८ वर आली. रुपयांत पाहिले तर मोटारीच्या कर्जापुढे ही दोन कर्जे किरकोळ होती, पण सरासरी काढताना खात्याची रक्कम कोणी पाहत नाही, प्रत्येक खाते एकच मोजले जाते. शिवाय नवे खाते उघडले नाही, तर ही सरासरी महिन्याला फक्त एका महिन्याने वाढते. म्हणजे ४८ वरून पुन्हा ९६ वर जायला पुरी चार वर्षे लागतील. प्रत्येक अर्जासोबत अहवालात जी चौकशीची नोंद होते तिचाही थोडा परिणाम होतो, पण तो तुलनेने लवकर ओसरतो.

खात्याच्या वयाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर मला एका छोट्या गणितात सापडते. दोन कर्जदार कल्पावेत. एक चोख, ज्याच्याकडून एखाद्या महिन्याचा हप्ता चुकण्याची शक्यता हजारात एक आहे. दुसरा ढिला, ज्याच्या बाबतीत ती पन्नासात एक आहे. सहा महिन्यांनी दोघांच्या वह्या उघडल्या, तर चोख माणसाची वही निष्कलंक असण्याची शक्यता सुमारे ९९ टक्के असेल आणि ढिल्याचीही तब्बल ८९ टक्के असेल. म्हणजे सहा महिन्यांच्या स्वच्छ वहीवरून बँकेला जवळजवळ काहीच कळत नाही. पाच वर्षांनी हेच आकडे अनुक्रमे ९४ आणि ३० होतात, तर दहा वर्षांनी ८९ आणि ९. दहा वर्षांची स्वच्छ वही ढिल्या माणसाकडे आढळण्यापेक्षा चोख माणसाकडे आढळण्याची शक्यता दहापट असते. ढिल्या माणसाचे आकडे पुन्हा पाहावेत: पहिल्या पाच वर्षांत शंभरावरून तीसवर घसरण, आणि पुढच्या पाच वर्षांत तीसवरून नऊवर. सुरुवातीची वर्षे सर्वांत जास्त बोलतात. म्हणून बारा वर्षांचे खाते पंधरा वर्षांचे झाल्याने जो फरक पडेल, त्याहून एका वर्षाचे खाते चार वर्षांचे झाल्याने पडणारा फरक कितीतरी मोठा असतो. कोपऱ्यावरचा वाणी जुन्या गिऱ्हाइकाला न विचारता उधारी देतो आणि नव्या भाडेकरूला आधी दोन-तीन महिने रोखीनेच माल देतो, त्यामागे हेच गणित असते. त्याने ते कागदावर मांडलेले नसते, एवढेच.

कागदावर ते मांडण्याची सुरुवात मात्र फुलांपासून झाली. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आयरिसच्या तीन प्रजातींची प्रत्येकी पन्नास फुले घेऊन, त्यांच्या पाकळ्यांच्या आणि निदलांच्या लांबी-रुंदीवरून प्रजाती वेगळ्या ओळखण्याची एक रीत मांडली. पाचच वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेव्हिड ड्युरँड यांनी तीच रीत फुलांऐवजी कर्जांना लावली आणि फिटलेली कर्जे बुडीत कर्जांपासून वेगळी काढता येतात का, हे तपासले. १९५६ मध्ये अभियंते बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक यांनी याच कामासाठी कंपनी काढली, आणि तिचा फायको स्कोअर १९८९ पासून वापरात आला. या स्कोअरमध्ये भरण्याच्या इतिहासाला ३५ टक्के, वापरलेल्या कर्जाला ३० टक्के, इतिहासाच्या लांबीला १५ टक्के, तर नव्या कर्जाला आणि कर्जांच्या प्रकारांना प्रत्येकी १० टक्के वजन असल्याचे कंपनी स्वतः सांगते. लांबी मोजताना सर्वांत जुने खाते, सर्वांत नवे खाते आणि सगळ्यांची सरासरी, अशा तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. ही वजने अमेरिकेची आहेत, ती जशीच्या तशी इथे लावू नयेत. आपल्याकडे सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ३०० ते ९०० या पट्टीवर आकडा देतात आणि प्रत्येकीचे सूत्र वेगळे आहे.

इथे माणसाचे वय आणि खात्याचे वय यांची गल्लत होऊ देऊ नये. काकू स्वतः अडुसष्ट वर्षांच्या आहेत, संसार रोखीने केला, भिशीचे पैसे कधी थकवले नाहीत, आणि घराचे कर्ज होते ते काकांच्या नावावर. त्यामुळे सिबिलच्या लेखी त्यांचा इतिहासच नाही. भिशी आणि वाण्याची उधारी यांची नोंद या कंपन्यांकडे जात नाही. मला ही या पद्धतीची खरी उणीव वाटते, कारण नोंद नसणे आणि पत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे, हे त्या दृष्टीने योग्यच झाले.

मुलीचा दुसरा प्रश्न असा होता की, जुने कार्ड आता वापरात नाही, तर ते बंद करून टाकावे का. खाते बंद केल्याबरोबर त्याचे वय पुसले जाते, असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. आपल्या कायद्यानुसार कर्जविषयक माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते, आणि अमेरिकेत चांगल्या स्थितीत बंद केलेले खाते दहा वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते. तोटा आधी होतो तो दुसऱ्या बाजूने: एकूण लिमिटच्या मानाने वापर जास्त दिसू लागतो. तिच्या जुन्या कार्डाचे लिमिट दीड लाख आहे. तिने आता एक लाखाचे नवे कार्ड घेऊन जुने तसेच ठेवले आणि महिन्याला पन्नास हजार खर्च केले, तर वापर २० टक्के दिसेल. जुने बंद केले, तर तेवढाच खर्च ५० टक्के दिसेल. वयाचा फटका बसतो तो बऱ्याच उशिरा, जेव्हा ते बंद खाते अहवालातून गळते आणि सर्वांत जुने खाते म्हणून आज चार वर्षांचे असलेले मोटारीचे कर्जच पुढे येते. अर्थात, भरमसाट वार्षिक शुल्क असलेले कार्ड निव्वळ वयासाठी सांभाळावे, असे मी म्हणणार नाही.

कार्ड कपाटात नुसते पडून ठेवणेही धोक्याचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एखादे कार्ड वर्षभराहून अधिक काळ वापरलेच नाही, तर बँक ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर बंद करते. म्हणून महावितरणचे वीजबिल त्या कार्डावर लावायचे आणि कार्डाचे पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करायचे, असे आम्ही ठरवले. उठण्यापूर्वी चारही खात्यांच्या उघडल्याच्या तारखा आम्ही मूळ कागदांशी ताडून पाहायला घेतल्या. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि अहवालातल्या चुकीबद्दलची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तिच्या तीन तारखा जुळल्या. मोटारीच्या कर्जाचा करार काकूंच्या घरी होता, तो आणायला मुलगी तिसऱ्या मजल्यावर गेली.