बेंटली ८ लिटर: फक्त १०० गाड्या आणि त्यामागची गोष्ट

बेंटली ही इंग्लिश मोटार कंपनी आज ज्यांच्या मालकीची आहे किंवा मधे होती त्यांच्याबद्दल बोलताना १९३१ सालचा एक व्यवहार बहुतेक लोक विसरतात, आणि मला तरी वाटतं की ८ लिटर ही गाडी समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

कंपनी १९१९ ची. वॉल्टर ओवेन बेंटली, सगळे त्यांना डब्ल्यू. ओ. म्हणायचे, मूळचे रेल्वेवाले, डॉनकास्टरच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या वर्कशॉपमधे उमेदवारी केलेले. ते रेल्वेचं शिक्षण ८ लिटरच्या इंजिनात अगदी दिसतं. वरचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) फिरवायला साखळी वगैरे न वापरता त्यांनी तीन दांडे लावले, वाफेच्या इंजिनाची चाकं एकमेकांना जोडणारे दांडे असतात ना तसेच, त्यामुळे आवाज खूप कमी झाला. ही युक्ती बेंटलीच्या आधीच्या साडेसहा लिटर गाडीतच आली होती, पण इथे इंजिन आणखी मोठं, सिलिंडर सहा, ७९८३ सीसी, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. वर जड बंद बॉडी चढवली तरी ताशी १०० मैल, म्हणजे १६० किमी, आणि तेही शांतपणे, ही त्यांची जिद्द होती.

गाडी लोकांसमोर आली ऑक्टोबर १९३० मधे, लंडनच्या ऑलिंपिया मोटर शोमधे. नुसत्या चेसिसची, म्हणजे इंजिन-चाकांसह सांगाड्याची, किंमत १८५० पौंड, बॉडी कोचबिल्डरकडून (बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडून) वेगळी करून घ्यायची. वॉल स्ट्रीट कोसळून तेव्हा वर्ष झालं होतं, एवढी महाग गाडी घेणारे उरले होते किती? फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची रेस पाच वेळा जिंकूनही कंपनीकडे पैसा कधी टिकलाच नाही, १९२६ पासून हिऱ्यांच्या खाणीतल्या संपत्तीचा वारस वूल्फ बार्नाटो ती चालवत होता, त्यातल्या तीन रेस तर तो स्वतः जिंकला, पण १९३१ च्या उन्हाळ्यात त्याने आणखी पैसे टाकायचं थांबवलं आणि कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेली.

इंजिनं बनवणारी नेपियर ही कंपनी बेंटली विकत घेणार हे जवळपास ठरलं होतं, डब्ल्यू. ओ. त्यांच्यासाठी नव्या गाडीच्या कामालाही लागले होते. ऐनवेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट नावाच्या कुणीतरी जास्त बोली लावली आणि नंतर कळलं की मागे रोल्स-रॉइस आहे! त्यांच्या स्वतःच्या फँटम टू या गाडीला थेट टक्कर देणारी ८ लिटर त्यांनी लगेच बंद केली. तोपर्यंत १०० झाल्या होत्या. गाडी चांगली नव्हती म्हणून ती संपली असं मला अजिबात वाटत नाही, चुकला तो काळ.

डब्ल्यू. ओ. स्वतः ८ लिटरच वापरायचे, पण ती कंपनीची मालमत्ता होती त्यामुळे तीही सोडावी लागली. रोल्स-रॉइसमधे नोकरी करून १९३५ ला ते लागोंडा या दुसऱ्या मोटार कंपनीकडे गेले. त्यांची ती गाडी बेंटली कंपनीने २००६ मधे परत विकत घेतली.